पोस्टकार्डाआधीचे सत्येंद्रनाथ

विद्यापीठातील अध्यापकांची भरती आणि पदोन्नती यांचे नियम आपल्याकडे दर काही वर्षांनी बदलतात. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकाच्या कामगिरीचे गुणांकन सुरू केले. २०१८ च्या नियमावलीने पदोन्नतीसाठीची ती पद्धत मागे घेतली. मात्र मुलाखतीला कोणाला बोलवायचे हे ठरवणारा गुणांचा तक्ता कायम ठेवला. विद्यापीठात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी अनिवार्य होणार असे जाहीर झाले, मग ती मुदत पुढे ढकलली गेली आणि अखेर जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठरून पीएचडी ऐच्छिक झाली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक मसुदा आला. त्यावर वाद झाला तो मुख्यतः कुलगुरू नेमण्याच्या अधिकारावरून, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांच्यातील ओढाताणीवरून. अध्यापकाच्या रोजच्या कामकाजाचा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

अशा चर्चांमध्ये सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव हमखास निघते. ढाक्यात शिकवणाऱ्या एका अनोळखी तरुणाने आपला शोधनिबंध थेट आइन्स्टाइनना धाडला, त्यांनी तो स्वतः जर्मन भाषेत अनुवादित करून छापवून आणला आणि पीएचडी नसतानाही तो तरुण प्राध्यापक झाला, अशी ती कथा. पदव्यांचे आणि नियमांचे स्तोम किती फोल आहे, हे पटवण्यासाठी ती सांगितली जाते. कथा खरी आहे. पण तिच्यातून काढला जाणारा धडा मला पुरेसा वाटत नाही. बोस यांनी सुमारे चाळीस वर्षे विद्यापीठांत अध्यापकाची नोकरी केली. त्या चाळीस वर्षांच्या सेवापुस्तिकेत आइन्स्टाइनचे पोस्टकार्ड ही केवळ एक नोंद आहे. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वाचल्या, तर विद्यापीठाने अध्यापकाला काय द्यायचे असते, याचा अधिक नेमका अंदाज येतो.

बोस यांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. सहा बहिणींचा हा एकुलता भाऊ हिंदू स्कूलमधून प्रेसिडेन्सी कॉलेजात आला, १९१३ मध्ये बीएससीला आणि १९१५ मध्ये मिश्र गणित घेऊन एमएससीला पहिला आला. दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर होते मेघनाद साहा. प्रेसिडेन्सीत त्यांना जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय असे शिक्षक लाभले. या दोघांचे स्वतःचे नोकरीतले अनुभव त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना चांगलेच ठाऊक होते. जगदीशचंद्र १८८५ मध्ये रुजू झाले तेव्हा त्याच कामासाठी युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कितीतरी कमी वेतन त्यांना देऊ करण्यात आले. त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. शिकवणे मात्र चालू ठेवले. शेवटी सरकारला पूर्ण वेतन मागील थकबाकीसह द्यावे लागले. प्रफुल्लचंद्र एडिंबरोची डॉक्टरेट घेऊन परतले, तरी त्यांना वरिष्ठ सेवेत घेतले गेले नाही. महिना २५० रुपयांच्या तात्पुरत्या जागेवर १८८९ मध्ये त्यांनी सुरुवात केली. गुणवत्ता असली की वाट आपोआप मोकळी होते, असा भ्रम सत्येंद्रनाथांच्या पिढीला असण्याचे कारण नव्हते.

त्यांची वाट मोकळी केली ती आशुतोष मुखर्जी यांनी. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय १९१४ मध्ये उभे राहिले. तोवर विद्यापीठाचे काम मुख्यतः परीक्षा घेण्याचे होते. आशुतोषांना पदव्युत्तर अध्यापन आणि संशोधन एका छपराखाली आणायचे होते आणि त्यासाठी त्यांनी माणसे वेचली. पालित अध्यासनावर येणाऱ्याने परदेशात प्रशिक्षण घेतलेले असावे, अशी अट होती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यासाठी परदेशी जायला नकार दिला, तेव्हा आशुतोषांनी ती अट बाजूला ठेवली. वित्त खात्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून रामन १९१७ मध्ये तिथे रुजू झाले. बोस आणि साहा हे विशीतले तरुणही याच सुमारास अधिव्याख्याते म्हणून आले.

जे विषय शिकवायचे, ते या दोघांना आधी स्वतः शिकावे लागले. युरोपात भौतिकशास्त्राची उलथापालथ चालू होती आणि महायुद्धामुळे जर्मन पुस्तके मिळेनाशी झाली होती. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील पॉल ब्रूल या प्राध्यापकाकडे ती होती. त्यांच्याकडून ती उसनी आणून, जर्मन शिकून, बोस आणि साहा यांनी वर्गाची तयारी केली. त्याच तयारीतून आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा इंग्रजी अनुवाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने तो १९२० मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या गुणतक्त्यात अनुवादाला मिळणारे गुण तुटपुंजे असतात. बोस यांच्या बाबतीत तो अनुवाद म्हणजे पुढच्या सर्व कामाचा पाया होता.

१९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले. कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करणाऱ्या सॅडलर आयोगाने निवासी आणि अध्यापन करणाऱ्या विद्यापीठाचा पुरस्कार केला होता. त्या आयोगाचे एक सदस्य फिलिप हार्टोग हे ढाक्याचे पहिले कुलगुरू झाले. बोस तिथे भौतिकशास्त्राचे प्रपाठक म्हणून गेले. रसायनशास्त्रात ज्ञानचंद्र घोष, इतिहासात रमेशचंद्र मजुमदार अशी तरुण मंडळी त्याच सुमारास तिथे पोहोचली. इकडे कलकत्त्यात सरकारने अनुदानाला अटी जोडल्या आणि आशुतोषांनी १९२२ मध्ये ते अनुदानच नाकारले. त्या काळात एका नव्या विद्यापीठाने सत्तावीस वर्षांच्या माणसाला, ज्याच्या नावावर जेमतेम काही निबंध होते, प्रपाठकपद दिले. माझ्या मते बोस यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रशासकीय निर्णय हा होता आणि तो कोणत्याही पोस्टकार्डाच्या आधी झाला होता.

पुढचा शोध वर्गातून आला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्लँकचा उत्सर्जनाचा नियम शिकवताना त्याची प्रचलित सिद्धता बोस यांना खटकत असे. त्या सिद्धतेचा निम्मा भाग जुन्या भौतिकशास्त्रावर उभा होता, निम्मा नव्यावर. १९२४ च्या आरंभी साहा ढाक्याला आले असता त्यांनी या विषयावरील ताज्या निबंधांकडे मित्राचे लक्ष वेधले. बोस यांनी प्रकाशाचे कण एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत असे धरून मोजणी केली आणि जुन्या भौतिकशास्त्राचा आधार न घेता नियम सिद्ध केला. चार पानांत मावणारा तो निबंध त्यांनी ४ जून १९२४ रोजी आइन्स्टाइनना पाठवला. जुलैच्या आरंभी आइन्स्टाइननी पोस्टकार्ड लिहून त्याचे महत्त्व मान्य केले आणि निबंध जर्मनीतील अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. आइन्स्टाइननी ती पद्धत वायूंना लावून जे भाकीत केले, ते प्रयोगशाळेत प्रत्यक्षात उतरायला १९९५ साल उजाडले.

या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. दोन वर्षे युरोपात राहून अभ्यास करण्यासाठी बोस यांचा रजेचा अर्ज त्याआधीच विद्यापीठाकडे पडून होता. पोस्टकार्ड कुलगुरूंना दाखवताच तो मार्गी लागला. रजेच्या अटी उदार होत्या: पुरेसा भत्ता, प्रवासखर्च आणि मागे राहणाऱ्या कुटुंबासाठी वेगळी रक्कम. जर्मन वकिलातीने तर पोस्टकार्ड पाहून शुल्क न घेताच प्रवेशपरवाना दिला, असे बोस पुढे सांगत. विद्यापीठाने रजा दिली ही चांगली गोष्ट. पण ढाक्यात तीन वर्षे काम केलेल्या अध्यापकाची लायकी बर्लिनहून आलेल्या चार ओळींनी पटावी लागली, हे नजरेआड करता येत नाही. तसे पोस्टकार्ड न आलेल्या सहकाऱ्यांच्या अर्जांचे काय होत असेल, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

रजेची दोन वर्षे बोस यांनी पॅरिस आणि बर्लिनमध्ये काढली. पॅरिसमध्ये पॉल लान्जव्हँ यांच्याशी परिचय झाला, मॉरिस डी ब्रॉग्ली यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या तंत्राचा अनुभव मिळाला. मारी क्यूरी यांनी आधी फ्रेंच शिकून घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा आपल्याला फ्रेंच येते हे सांगण्याचे धाडस या भिडस्त माणसाला झाले नाही. १९२५ मध्ये बर्लिनला आइन्स्टाइनची भेट झाली. या दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही निबंध प्रसिद्ध झाला नाही. रजेचा उपयोग काय केला, असा अहवाल आजच्या पद्धतीने मागवला असता तर तो रिकामाच दिसला असता. परंतु परतल्यावर ढाक्यात क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभी राहिली, उपकरणे तिथेच तयार होऊ लागली आणि अनेक वर्षे विद्यार्थी त्यावर काम करत राहिले. अभ्यासरजेचे फळ असे उशिरा आणि वेगळ्याच फांदीला येते.

१९२६ मध्ये प्राध्यापकपदाची जागा निघाली. बोस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, म्हणून मित्रांनी आइन्स्टाइनचे शिफारसपत्र मागवायला सांगितले. आपले काम पुढे असताना शिफारस कशाला लागते, याचे आइन्स्टाइनना नवल वाटले. पत्र मात्र त्यांनी दिले. लोकप्रिय कथा इथे संपते आणि पत्राच्या बळावर बोस प्राध्यापक होतात. प्रत्यक्षात निवड समितीने पहिली पसंती दिली ती देवेंद्रमोहन बोस यांना. ते जगदीशचंद्रांचे भाचे, बर्लिनची डॉक्टरेट मिळवलेले आणि कलकत्त्यात प्राध्यापक असलेले प्रयोगनिष्ठ शास्त्रज्ञ होते. त्यांनी ढाक्याला यायला नकार दिला आणि मग ती जागा सत्येंद्रनाथांकडे आली. देवेंद्रमोहन अपात्र होते असे कोणीही म्हणणार नाही. पण आइन्स्टाइनची शिफारस असलेला, त्याच विभागात काम करणारा उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर राहू शकतो, हे निवड समित्यांविषयी बोलताना लक्षात ठेवावे.

ढाक्यात बोस १९४५ पर्यंत राहिले. विभागप्रमुख झाले, विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. १९२४ नंतरची जवळपास दहा वर्षे त्यांनी फारसे काही प्रसिद्ध केले नाही. पुढे जे निबंध आले ते एका विषयाचे नव्हते: कधी महालनोबिस यांच्या संख्याशास्त्रातला प्रश्न, कधी आयनांबराचा, कधी शुद्ध गणिताचा. कोणी सहकारी अडला की ते त्याचा प्रश्न सोडवून देत आणि स्वतःचे नाव लावायला विसरत. के. एस. कृष्णन यांनीही काही वर्षे ढाक्यात प्रपाठक म्हणून काम केले. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये आपले विज्ञानविषयक पुस्तक, ‘विश्वपरिचय’, बोस यांना अर्पण केले. या काळाकडे कठोरपणेही पाहता येते. इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाने अधिक लिहायला हवे होते, असे त्यांचे चाहतेही म्हणत. मला ही टीका अगदीच अनाठायी वाटत नाही. तरीही दरवर्षी निबंधांची मोजदाद करणाऱ्या व्यवस्थेत त्यांनी अधिक लिहिले असते का, की त्यांचे वर्ग आणि त्यांची प्रयोगशाळा यांवरच गदा आली असती, याचे उत्तर मला दुसऱ्या बाजूने द्यावेसे वाटते.

फाळणीची चाहूल लागलेल्या दिवसांत ते कलकत्त्याला परतले आणि १९५६ पर्यंत तिथे खैरा प्राध्यापक होते. १९४८ मध्ये त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू केले. मातृभाषेतून उच्च विज्ञान शिकवता येते, हे ते ढाक्यापासून वर्गात बंगालीत शिकवून दाखवत आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पौर्णिमा सिन्हा यांनी मातीच्या खनिजांवर क्ष-किरणांनी संशोधन केले. कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्या पदवीअभावी स्वतः बोस यांना शिफारसपत्र मागावे लागले होते, ती त्यांनी विद्यार्थिनीला मिळवून दिली. १९५६ मध्ये ते विश्वभारतीचे कुलगुरू झाले, पण तिथे फार काळ रमले नाहीत आणि १९५८ मध्ये ते पद त्यांनी सोडले. त्याच वर्षी, म्हणजे त्या चार पानांनंतर चौतीस वर्षांनी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. पुढे राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून सन्मान मिळाला. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रावरून नियम नकोतच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. आशुतोष मुखर्जींसारखा पारखी माणूस प्रत्येक विद्यापीठाला मिळत नाही, आणि पारख करणाऱ्याच्या डोळ्यांवर जातीचे, प्रांताचे, ओळखीचे झापड असू शकते. मेघनाद साहा यांनाच पाहा. सत्येंद्रनाथांच्या बरोबरीचा हा विद्यार्थी, कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे वसतिगृहात पंक्तीला वेगळा बसवला गेला होता. १९२३ मध्ये अलाहाबादला गेल्यावर प्रयोगशाळेसाठी पैसे मिळवताना त्यांची दमछाक झाली. ज्यांच्यासाठी कोणी अट शिथिल करणार नाही, अशांचे रक्षण नियमच करतात. आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात, लेखी निकष या गोष्टी त्यासाठीच आहेत.

मग चुकते कुठे? व्यक्तीच्या विवेकावरचा विश्वास उडाला म्हणून आपण आकड्यांवर विसंबलो आणि आकडे तर विवेकाहून सोपे फसतात हे विसरलो. निबंधाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. त्यांना रोखण्यासाठी आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली आणि २०२५ मध्ये ती यादीही गुंडाळली. काही निवड समित्यांच्या बैठकांना मी हजर राहिलो आहे. अर्जदाराचा एखादा तरी निबंध वाचून आलेला सदस्य तिथे क्वचितच भेटतो. गुणांची बेरीज मात्र सर्वांपुढे असते. बोस यांचा निबंध चार पानांचा होता. आइन्स्टाइननी तो वाचला, एवढेच त्यांनी केले.

आणखी गंभीर प्रश्न त्यांचा आहे जे मुलाखतीपर्यंतही पोहोचत नाहीत. दिल्लीत ते वर्षानुवर्षे तदर्थ अध्यापक होते, चार-चार महिन्यांच्या नेमणुकांवर. महाराष्ट्रात ते तासिका तत्त्वावर आहेत, इतर राज्यांत अतिथी व्याख्याते. सुटीत त्यांना मानधन नाही, आजारपणाची रजा नाही, अभ्यासरजा तर ऐकिवातही नाही. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावत तास पुरे करणाऱ्याने प्लँकच्या नियमाची सिद्धता आपल्याला का खटकते, याचा विचार कधी करायचा? मंजूर पदे रिकामी ठेवून तेच काम तासावर करून घेणे हे राज्यांच्या अर्थखात्यांना स्वस्त वाटते. त्याची किंमत विद्यार्थी भरतात आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

ढाका विद्यापीठ श्रीमंत नव्हते. वसाहतीच्या एका टोकाला, तुटपुंज्या अनुदानावर ते चालत होते. तरी त्याने एका तरुण अध्यापकाला स्थिर नोकरी दिली, आपल्या विषयाच्या अगदी पुढच्या टोकावरचे शिकवण्याची मुभा दिली, कुटुंबाची तरतूद करून दोन वर्षांची रजा दिली आणि त्याने दशकभर फारसे न छापताही त्याला काम करू दिले. पीएचडी हवी की नको, हा वाद या चार गोष्टींनंतर येतो. यापुढे नियमावलीचा जो मसुदा येईल, त्यात रिक्त पदे किती मुदतीत भरायची, कंत्राटी अध्यापकाला कोणते हक्क असतील, दर काही वर्षांनी सवेतन अभ्यासरजा मिळेल का आणि निवड समितीने उमेदवाराचे लेखन प्रत्यक्ष वाचल्याची नोंद ठेवायची का, याची उत्तरे असायला हवीत. जानेवारी २०२५ च्या मसुद्यावर आपण भांडलो ते कुलगुरू कोण नेमणार यावरून. या चार प्रश्नांवरही तेवढ्याच तावातावाने भांडायला हवे.